सांबारावरची पत्ताकोबी

आमच्या महाविद्यालयात दरवर्षी एक छापील फॉर्म भरावा लागतो. संशोधनाचा विषय, प्रसिद्ध झालेले निबंध वगैरे, आणि सगळ्यात शेवटी एक रकाना असतो: ‘संशोधनाचे व्यावसायिक मूल्य’. मी गणित शिकवते. माझं संशोधन आकड्यांच्या चौकोनांवर आहे. समजा सहा ओळी, सहा रकाने. प्रत्येक आडव्या ओळीत एक ते सहा आकडे एकेकदाच, उभ्या रकान्यातही एकेकदाच. वर आणखी एक अट: कोणताही आकडा दुसऱ्या कोणत्याही आकड्याच्या लगेच मागून, सगळ्या ओळी मिळून, एकदाच यायला हवा. सहाचा चौकोन सहज जमतो, मोठे रडवतात. त्यात माझी पाच वर्षं गेली आणि मजेत गेली. पण त्या शेवटच्या रकान्यात काय लिहावं हे कधी सुचलं नाही. ‘औषधांच्या चाचण्या, शेतीचे प्रयोग’ असं मी एका सहकाऱ्याच्या फॉर्मवरून उतरवून घेतलं होतं आणि दरवर्षी तेच ठोकून देत होते.

डॉक्टरेट मिळाली तेव्हा बाबांनी गावभर पेढे वाटले आणि संध्याकाळी मला विहिरीवर नेऊन विचारलं, “हे सारं झालं बाई, पण याले बाजारात भाव काय?”

बाबा अनसिंगजवळ दीड एकरात भाजीपाला पिकवतात. भाव विचारणं हा त्यांचा स्वभावच आहे, त्यात खवचटपणा नव्हता. मला मात्र झोंबलं. मी फणकाऱ्याने म्हटलं, “प्रत्येक गोष्टीला भाव नसतो, बाबा.”

“मंग पिकवाचं कायले?” म्हणाले, आणि मोटार सुरू करायला उठले.

त्यांचा दुसरा उद्योग म्हणजे टेम्पो. आमच्यासकट आसपासच्या सहा घरांना एकत्र करून बाबांनी एक भाड्याचा टेम्पो ठरवला होता. पहाटे सगळ्यांनी आपापला माल फाट्यावर आणायचा आणि तो एकत्र वाशीमच्या बाजारात जायचा. हर्रासी, म्हणजे लिलाव, बंद असते तो वार सोडून, आठवड्याचे सहाही दिवस. माल भरायचा क्रम कोणी ठरवला नव्हता. पोळ्याला तोरणाखाली बैल ज्या क्रमाने उभे राहतात, त्याच मानाच्या क्रमाने माणसं आपोआप उभी राहिली. पहिला मान मोठ्या काकांचा. ते आमचे नात्याने कोणी नव्हेत, पण जमीन सगळ्यांत जास्त आणि आवाजही. त्यांच्या पत्ताकोबीचे कट्टे, म्हणजे पोती, आधी चढायचे. सगळ्यात शेवटी एक काकू, एकटी बाई, अर्ध्या एकरात सांबार लावणारी. पुण्या-मुंबईकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात तो आमचा सांबार.

लहान टेम्पोत माल कौलांसारखा बसतो. एकाच्या मालावर लगेच मागून येणाऱ्याचा माल अर्धा चढतो. आणि जो शेवटी भरला जातो तो बाजारात आधी उतरतो, त्याचीच हर्रासी आधी होते. मोठे काका कधी बाजारात जात नसत. मागच्या हिवाळ्यात ते हौसेने एकदा टेम्पोबरोबर गेले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत काकूचा सांबार चढ्या भावाने उचलला गेला. त्यांचे कट्टे खाली उतरले तोवर घेणारे चहाच्या गाडीवर पोचले होते.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर ते गरजले, “मान मले अन् भाव सांबाराले? उद्यापासून माहा माल आखरीले!”

झालं. हे ऐकल्यावर उरलेल्यांनाही अक्कल आली. सगळ्यांनाच शेवटी भरायचं होतं. तीन पहाटा नुसती वादावादी. चौथ्या दिवशी दोघांनी माल आणलाच नाही, टेम्पो अर्धा रिकामा गेला आणि टेम्पोवाल्याने सांगून टाकलं की असं असेल तर तो दुसरीकडे लागेल.

बाकीच्यांचं फारसं अडलं नसतं. कोणाकडे मोटरसायकल, कोणाकडे पाहुण्यांची गाडी. काकूकडे यातलं काही नव्हतं. टेम्पो सुरू होण्याआधी ती वर्षानुवर्षं बांधावर येणाऱ्या व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावाने सांबार देत आली होती. टेम्पो मोडला की पुन्हा तेच. त्या संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर येऊन बसली, बाबांना एवढंच म्हणाली, “भाऊ, तुमी जमवलं होतं, तुमीच पाहा आता.” बाबा जेवले नाहीत. ते पाहून मला राहवेना.

मी म्हटलं, हे काम माझं. एक वही घेतली आणि पाळी लावून दिली. पहिल्या दिवशी एक ते सहा, मानाच्याच क्रमाने. दुसऱ्या दिवशी पहिला शेवटी जाणार आणि बाकीचे एकेक घर पुढे सरकणार. सहा दिवसांत प्रत्येकजण एकदा पहिला, एकदा शेवटचा. मोठ्या काकांनी बोटं मोजून खात्री करून घेतली आणि मान डोलावली. टेम्पो भरून निघाला. मी तर हवेतच होते. बाबांना दोनदा सांगितलं की याला म्हणतात गणित.

आठवडा उलटला आणि काकू आमच्या दारात आली. हातात सांबाराची एक जुडी, पार चेंदलेली, काळी पडलेली. ती भांडायला आली नव्हती, हेच मला जास्त लागलं.

“माय, तुह्या गणितानं माह्या डोक्यावर रोजच पत्ताकोबी ठेवली ना वं. सातव्या दिवशी बाजारच नाई, नाईतं तवाही ठेवली असती.”

“रोज कशी असेल, काकू?”

“एक दिवस सोडून रोज. मी भरला का लगेच त्याहीचे कट्टे. पयले बरं होतं, मले मान नव्हता तं मी वर होते.”

मी वही उघडली. एक ते सहा गोल फिरवले की सहाच्या मागून नेहमी एक हाच आकडा येतो. सहा म्हणजे काकू. एक म्हणजे मोठे काका. जागा मी सगळ्यांना सारख्या वाटल्या होत्या, पण कोणाच्या मागून कोण, याचा विचारच केला नव्हता. आणि पाच वर्षं मी दुसरं केलं काय होतं? त्या अटीवर माझा अख्खा प्रबंध उभा आहे. कागदावर ती मला झोपेतही दिसली असती, टेम्पोत दिसली नाही. इतकी लाज मला तोंडी परीक्षेतही वाटली नव्हती. काकूसमोर तसं कबूल केलं, तर ती म्हणाली, “जाऊ दे, चहा ठेव.”

चहा उकळेपर्यंत कॅलेंडरच्या पाठीवर चौकोन तयार झाला होता. पहिली ओळ नागमोडी, एकदा पुढचा आकडा, एकदा मागचा. मग रोज एकेक वाढवत जायचं. आता प्रत्येकजण एकदा तळाशी, एकदा सगळ्यांच्या वर, आणि प्रत्येकाच्या मालावर दुसऱ्या प्रत्येकाचा माल आठवड्यात एकदाच. काकूने कागद उलटसुलट पाहिला.

“म्हंजे पत्ताकोबी एक दिवस येनारच?”

“येणार. तेवढा एक दिवस मला काढता येत नाही, काकू. काढला तर दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर दोनदा जाते.”

तिने थोडा विचार केला. “सबायच्या डोक्यावर एक दिवस हाय ना? मंग चालते.”

तो कागद आता टेम्पोच्या काचेला आतून चिकटवलेला आहे. हिवाळा संपला, दुसरा आला, टेम्पो मोडला नाही. शिरपूरकडच्या भाजीवाल्यांनी त्याचा फोटो काढून नेला, तेव्हा बाबांनी त्यांना बजावलं की माणसं पाच असली तर हा चालणार नाही, आधी पोरीला विचारा. हे त्यांना मीच एकदा सांगितलं होतं. ते ऐकत होते हे मला माहीत नव्हतं. मला खूप बरं वाटलं. त्या छापील रकान्यात यंदाही मी औषधांच्या चाचण्याच लिहिल्या, कारण टेम्पो लिहिला असता तर मुख्य कार्यालयाने खुलासा मागवला असता.

परवा सुट्टी होती म्हणून पहाटे बाबांबरोबर फाट्यावर गेले. नेमका काकूचा तो एक दिवस होता. तिच्या मागून मोठ्या काकांची पाळी. मला बघवेना, मी तोंड फिरवलं. तेवढ्यात मोठे काका आपल्या कट्ट्यांकडे न जाता आधी टेम्पोच्या पुढच्या सीटवर चढून बसले आणि खिडकीतून हात बाहेर काढून ओरडले, “सांबार दे इकडे!”

काकूने गाठोडं वर दिलं. त्यांनी ते मांडीवर घेतलं, वर आपला शेला पांघरला. मग पोरांना हाक मारून कट्टे भरायला लावले.

“हे किती दिवसांपासून चाललंय?” मी बाबांना विचारलं.

“पयल्या आठवड्यापासून,” बाबा म्हणाले. “तुह्या कागदात एक दिवस उरत होता ना.”