गाडीने केलेला माझा प्रचार

माझ्याकडे एक लाल स्पोर्ट्स कार आहे. दोन सीटची, कापडी टपाची, वयाने माझ्या लग्नापेक्षा थोडी मोठी. ती चालते हे आधीच सांगून टाकतो, कारण अंधेरी पूर्वेच्या आमच्या सोसायटीत यावर दोन मतं आहेत. एक माझं आणि दुसरं बाकी सगळ्यांचं.

भांडण जागेचं होतं. बिल्डिंगच्या खाली, खांबांच्या मधे, सहा गाड्या राहतात. त्यातली एक जागा माझी, बरोबर माझ्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलखाली. सेक्रेटरी काकांनी रविवारच्या मीटिंगसाठी विषय काढला की छपराखाली फक्त चालत्या गाड्या राहतील. उभी राहणारी गाडी मागे, बदामाच्या झाडाखाली जाईल. त्या बदामावर कावळे आणि कबुतरं पाळीपाळीने वस्तीला असतात, आणि माझा टप तेव्हा फाटला म्हणून शिवायला टाकलेला. पंधरा दिवसांत माझ्या सीटवर त्यांची दुसरी पिढी नांदली असती.

काका सत्तरीचे, मालवणकडचे. तरुणपणी गिरणीत यंत्रांच्या वर आवाज काढून काढून त्यांचा घसा कायमचा बसला. तरी पाणी जाणार असलं की आवारात उभे राहून चारही मजल्यांना ओरडून सांगायचे. नोटीस बोर्ड कोणी वाचत नाही आणि ओरडणं कोणाला कळत नाही, हे त्यांचं दुखणं. पाणी गेल्यावर मात्र त्यांनाच बोल.

तर मुद्दा असा, की मीटिंगला चार दिवस होते आणि तेवढ्यात इंजिन सुधारणं शक्य नव्हतं. म्हणून मी स्टिरिओ सुधारायचं ठरवलं. ज्या गाडीला फोन जोडता येतो तिला भंगार कोण म्हणेल?

वाकोल्याला एक कार-स्टिरिओवाले आहेत, माझ्याच वयाचे, चष्मा कपाळावर ठेवून काम करणारे. त्यांनी जुना कॅसेटवाला सेट ओढून काढला. आतली कॅसेट आली ती आतड्यांसकट.

"मला मोठी स्क्रीन हवी," मी म्हणालो. "नकाशा, गाणी, फोन, सगळं."

त्यांनी डॅशबोर्डकडे पाहिलं. "साहेब, एवढा टीव्ही लावला तर गिअर मागच्या सीटवरून टाकावा लागेल."

"मागची सीटच नाही."

"तेच सांगतोय."

शेवटी ब्लूटूथचा छोटा सेट बसला आणि चार दणदणीत स्पीकर. मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "चावीवर घेऊ का डायरेक्ट?" चावीवर म्हणजे गाडीची चावी फिरवली तरच सेट चालू. डायरेक्ट म्हणजे थेट बॅटरीला, सेट कायम जागा.

माझ्या गाडीत चावी फिरवणं हा जुगार आहे. चार माणसांसमोर निदान गाणं तरी हमखास लागावं. "डायरेक्ट," मी म्हणालो.

"बॅटरी उतरेल."

"ती चढली होती कधी?"

त्यांनी खांदे उडवले. "फोन जवळ आला की आपोआप जोडला जाईल, लक्षात ठेवा."

मी लक्षात ठेवलं नाही.

शनिवारी सकाळी मी प्रचाराला बसलो. सोफ्यावर, तक्क्याला टेकून. एकेका सभासदाला व्हॉइस मेसेज. रेकॉर्डिंग स्वच्छ यावं म्हणून खिडक्या लावून घेतल्या. आवाजात थोडा कंप आणला, मधे मधे श्वास सोडला. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना म्हणालो, या बिल्डिंगमध्ये सौंदर्यदृष्टी असलेल्या तुम्ही एकट्याच. वाक्य चांगलं जमलं होतं, ते फुकट कशाला घालवा? म्हणून आणखी आठ जणांना तेच पाठवलं. चौथ्या मजल्यावरच्या मित्राला वर एक जोड दिली, की काकांना गाडीतलं काय कळतं, त्यांना स्टिअरिंग आणि घमेलं सारखंच. आणि काकांना कळवलं की तुमच्यासारखा गाड्यांचा जाणकार अंधेरीत नाही.

मग स्वतःचा आवाज ऐकायचा मोह झाला. पहिला मेसेज लावला. शांतता. आवाज पूर्ण वाढवला. तरी शांतता. एकामागून एक सगळे लावून पाहिले. फोनचा स्पीकर गेला होता, दुसरं काय. बंद खिडकीतून शेजारच्या सोसायटीतलं भाषण अस्पष्ट येत होतं. शब्द कळत नव्हते, पण वक्ता तयारीचा वाटला.

बायको भाजी घेऊन आली आणि चपला न काढता दारातच उभी राहिली.

"फोन बिघडला," मी म्हणालो. "आवाजच नाही."

"आवाज आहे. खाली आहे."

"म्हणजे?"

"गाडीतून येतोय. खाली नऊ माणसं एकमेकांच्या सौंदर्यदृष्टीचं अभिनंदन करतायत. जा, चहाचं तरी विचार त्यांना."

मी गेलो. कमिटी माझी जागा मोजायला टेप घेऊन आली होती आणि बाकीचे माझ्या आवाजाला जमले होते. उघड्या गाडीत, ड्रायव्हरच्या सीटवर, स्टिअरिंग धरून काका.

"ये," ते म्हणाले. "तुझी गाडी बोलता हा. माझ्याबद्दल पण बोलली."

"काय बोलली?"

"आधी बोलली, काकांक स्टिअरिंग आणि घमेला सारख्याच. मगे बोलली, काकांसारखो जाणकार अंधेरीत नाय. ह्यातला खरा खयचा?"

"दुसरं, काका."

"मगे ता आधी वाजवूक होया होता."

चौथ्या मजल्यावरचा मित्र कानाशी येऊन म्हणाला, "वाट लागली यार तुझी. बदाम नक्की."

मलाही तेच दिसत होतं. रविवारी मीटिंगला मी मागच्या खुर्चीवर बसलो. प्रत्येक जण उठायचा आणि सुरुवात करायचा, "सौंदर्यदृष्टी असलेला या बिल्डिंगमधला एकमेव सभासद म्हणून सांगतो." असे नऊ झाले. मग काका उठले. बसलेल्या घशाने सावकाश बोलले, त्यामुळे सगळ्यांना वाकून ऐकावं लागलं. कालचा मेसेज चौथ्या मजल्यापर्यंत स्पष्ट पोचला. गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्यांनासुद्धा कळला. या सोसायटीत आजवर कुणाचाही निरोप इतका पोचला नव्हता. तेव्हा ही गाडी आहे तिथेच राहील. अट एकच. तिला पहिला फोन सेक्रेटरीचा जोडायचा, आणि बॅटरी चार्ज ठेवायची ती गाडीच्या मालकाने, म्हणजे मी.

सगळे हात वर गेले. पहिला माझा होता.

आता रोज सकाळी सात वाजता माझ्या हॉलखालून स्पोर्ट्स कार बोलते. "पाणी साडेआठाक जातला. भरून ठेवा." बिल्डिंगमधली प्रत्येक बादली भरलेली असते, आणि काकांचा घसा म्हणे सुधारतोय.

टप शिवून आला तसा मी गाडी गोरेगावला फिरवायला काढली. काका शेजारी येऊन बसले, सेट कमिटीचा आहे म्हणून. मी माझी गाणी लावायला गेलो, पण गाडी त्यांच्याच फोनला ओळखते. त्यांनी गावच्या दशावताराचं रेकॉर्डिंग लावलं. पूर्ण आवाजात राक्षस आला तेव्हा आम्ही सिग्नलला होतो.

बाजूच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढली. "गाडी कुणाची?"

"सोसायटीची," काका म्हणाले.

सिग्नल हिरवा झाला, मी गिअर टाकला, आणि गाडी चालली. शेजारी सेक्रेटरी साक्षीला होते.