एक दोष सांगायचाच

ताज्या रंगावर धूळ न बोलावता येऊन चिकटते, तसे आमच्या मंडळाचे किस्से जमत गेले. चार मोठी माणसं महिन्यातून एका रविवारी एकत्र बसून वीतभर लांबीच्या मोटारींकडे भिंग लावून बघणार, मग दुसरं काय होणार? पूर्वी किस्से कमी होते आणि ऐकणारे चार होते. आता किस्से पुष्कळ आहेत.

आधीच सांगून ठेवते, ही खेळणी नव्हेत. खऱ्या गाडीपेक्षा चोवीसपट लहान अशी ही हुबेहूब गाडी असते. सुटे भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. एका गाडीला मला तीन-तीन महिने लागतात. ज्याला हसायचंय त्यानं आधी तांदळाच्या दाण्याएवढा आरसा सरळ बसवून दाखवावा.

* * *

मला हे कुणी शिकवलेलं नाही. कोलशेतच्या एका कारखान्यात बावीस वर्षं मी विजेची बटणं जोडली, तेवढीच काय ती बोटांची शाळा. खरी शाळा सातवीत सुटली. सुटली म्हणजे वडिलांनी सोडवली.

हे गेले त्या वर्षी माळा आवरताना नातवानं अर्ध्यावर टाकलेलं, सुट्या भागांच्या गाडीचं एक किट सापडलं. सूचना कुठल्या तरी परक्या लिपीत होत्या, पण चित्रं होती. चित्रं वाचायला सातवीसुद्धा लागत नाही. दीड महिन्यात गाडी उभी केली.

समोरच्या जोशीबाई बघायला आल्या. म्हणाल्या, "नातवासाठी का हो?"

मी म्हटलं, "नाही, माझ्यासाठी. नातवाला हात लावू देणार नाही."

त्यानंतर डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत माझ्या डोक्यावर परिणाम झाल्याचं सर्वानुमते ठरलं. हळदीकुंकवाची बोलावणी कमी झाली. बरंच झालं, गाडीला वेळ मिळाला.

* * *

मंडळ ठाण्यात, कोपरीत भरायचं. एका बालवाडीची खोली रविवारी रिकामी असे. खुर्च्या अर्थातच बालवाडीच्या! त्यावर आम्ही गुडघे हनुवटीला लावून बसायचो. तिघं पुरुष आधीपासून होते. बँकेतला संदीप, कोलशेतला गाड्या रंगवण्याचं गॅरेज असलेले म्हात्रे, आणि बर्वे. बर्वे कारखान्यात नकाशे काढायच्या नोकरीतून निवृत्त झालेले, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे.

मंडळाचा नियम एकच. टेबलावर ठेवलेल्या गाडीतला एक दोष प्रत्येकानं सांगायचाच. कौतुकाला परवानगी नाही.

पहिल्या रविवारी मी माझी गाडी ठेवली. संदीप म्हणाला, "छान आहे, काकू." म्हात्रे म्हणाले, "लय भारी."

मी गाडी उचलून परत खोक्यात ठेवायला लागले. म्हटलं, छान म्हणायला मला सोसायटी आहे. बाई आहे म्हणून नियम माफ करणार असाल, तर मला तुमची खुर्ची नको. तशीही ती टोचते.

बर्व्यांनी चष्मा पुसला, गाडी हातातून काढून घेतली आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पुढची काच फार जाड आहे, बाई. गाडीला चष्मा लागल्यासारखी दिसते."

बरोबर होतं. मी घरी येऊन काच तीनदा बदलली. आणि त्या माणसाचा जन्मभर राग करायचा असं ठरवून टाकलं.

* * *

म्हात्र्यांनी एकदा खऱ्या गाडीचा उरलेला रंग मॉडेलवर फवारला. पत्र्याला चालतं ते प्लास्टिकला चालत नाही. आधी अस्तराचा हात दिला नाही, तर तो रंग प्लास्टिक खातो. तीस वर्षं रंगात काढलेल्या माणसाला हे कोण सांगणार? गाडीचं छप्पर पापडासारखं वाकलं, दरवाजे सुरकुतले.

म्हात्रे कसले खट. तीच गाडी त्यांनी रुबाबात टेबलावर ठेवली. म्हणाले, "ही अपघातातली हाय."

संदीप आणि मी हसून हसून बालवाडीच्या खुर्च्यांवरून पडायचे बाकी होतो. बर्वे मात्र गाडी फिरवून फिरवून बघत होते. शेवटी म्हणाले, "दोष सांगतो. धडक कुठून बसली ते कळत नाही."

* * *

माझी फजितीही सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी दुसऱ्यांचंच सांगते.

संदीपनं चकचकीत जीप आणली होती. मी म्हटलं, कल्याण-शीळ रस्त्यावरून गेलेली एक तरी जीप अशी दिसते का? चिखल कसा लावायचा ते मी पुढच्या वेळी दाखवते. घरी गेले, कुंडीतली माती चहाच्या गाळणीनं चाळली, पातळ गोंदात कालवली आणि माझ्या जीपला चाकांपासून दारापर्यंत माखली. काम असं झालं होतं की मलाच गाडी धुवावीशी वाटली. खोक्यात बंद करून ठेवली. दिवस पावसाळ्याचे.

रविवारी खोकं उघडलं तर मागच्या चाकावर दोन हिरवी पानं! कुंडी तुळशीची. मंजिऱ्यांतलं बी गाळणीतून सुटलेलं, माझ्या लक्षातच आलं नाही.

सगळे त्या रोपाकडे बघत राहिले. बर्व्यांनी भिंग खाली ठेवलं. "बाई, आधी ठरवा. दोष सांगायचा की प्रदक्षिणा घालायची?"

ते रोप मी काढलं नाही. पुढे ते आपणच सुकलं.

* * *

बर्व्यांना रविवार पुरायचा नाही. मंगळवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. नमस्कार नाही, कशा आहात नाही. "मागचा डावा दिवा उजव्यापेक्षा वर आहे," एवढं म्हणून ठेवून द्यायचे. मी भिंग काढून बघायची. असायचाच वर. केसभर, पण वर.

उर्मट माणूस. मी मंगळवारी दहापर्यंत बाजारात जात नसे.

माझा मुलगा परदेशात असतो. तोही फोन करतो, चेहरा दिसतो तसला. मी प्रत्येक नवी गाडी कॅमेऱ्यासमोर धरायची. "मस्त, आई," तो म्हणायचा. दर वेळी मस्त. एकदा मी न्हाणीघरातली साबणदाणी आणून धरली.

"वा, ही तर सगळ्यात भारी झालीय," तो म्हणाला.

त्याला दोष देत नाही. तिकडे त्याची ऑफिसची वेळ असते. पण साबणदाणी जागेवर ठेवली आणि त्यानंतर त्याला गाडी दाखवली नाही.

* * *

मग मंडळ सुटत गेलं. संदीपची बदली झाली. म्हात्र्यांचे गुडघे गेले. ते म्हणाले, काकू, त्या खुर्चीत बसतो, पन उठवनार कोन? बालवाडीही बंद झाली, तिथे आता केक मिळतो. मी आणि बर्वे दोन महिने स्टेशनजवळच्या उपाहारगृहात भेटलो. दोन चहा आणि मध्ये एक मोटार. वेटरला वाटायचं आम्ही ती विकायला बसलोय.

तिथेच एकदा त्यांनी मला एकच दोष दोनदा सांगितला. दहा मिनिटांच्या अंतरानं, तेच शब्द. मी दोन्ही वेळा मान डोलावली. मी आयुष्यात कुणापुढे फारशी मान डोलावलेली नाही.

पुढे मंगळवारचा फोन गुरुवारी यायला लागला. मग दोन वर्षांपूर्वीच्या गाडीचे दोष यायला लागले, जे मी केव्हाच दुरुस्त केले होते. मग फोन थांबला. त्यांचा मुलगा त्यांना टिटवाळ्याला नव्या घरी घेऊन गेला.

त्यानंतर मी तीन गाड्या केल्या. कपाटात काचेआड उभ्या आहेत. दोष त्यांत असणारच, पण आपल्या हातचा दोष आपल्या डोळ्यांना दिसत नाही. मला एवढंच हवं होतं, जगात एक माणूस असा उरावा जो माझी गाडी बघून म्हणेल, बाई, इथे चुकलात. तो माणूस शाबूत आहे की गेला, हे मला कळायला हवं होतं.

* * *

मी त्यांच्या सुनेला फोन केला. पोरगी भली. म्हणाली, "बाबा आता माणसं ओळखत नाहीत, मावशी. तुम्हालाच वाईट वाटेल."

म्हटलं, वाईट वाटायची मला सवय आहे, तू चहा ठेव.

जाण्याआधी मी एक लबाडी केली. माझी सगळ्यात चांगली गाडी म्हणजे काळी-पिवळी टॅक्सी. परदेशी किटात स्टिअरिंग डावीकडे येतं. आपल्याकडची गाडी करायची तर ते उजवीकडे आणावं लागतं, आमच्यातला नवखाही आधी तेवढं करतो. मी केलेलं होतं. ते मी उपटलं आणि परत डावीकडे चिकटवलं. मुंबईची टॅक्सी आणि स्टिअरिंग डावीकडे! एवढी ढोबळ चूक तरी त्यांना दिसावी, नाही दिसली तर मग समजायचं.

मिठाईच्या खोक्यात कापूस घालून टॅक्सी टिटवाळ्याला नेली. बर्वे खिडकीशी बसले होते. दाढी केलेली, शर्टाची सगळी बटणं लावलेली. मला बघून उठायला लागले. "या, बसा. चिरंजीव बाहेर गेलेत, येतीलच." परक्या माणसाशी बोलावं तसं, फार अदबीनं. इतक्या वर्षांत माझ्याशी ते एकदाही अदबीनं बोलले नव्हते.

मी टॅक्सी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी चष्मा पुसला. गाडी डोळ्यांजवळ नेली, फिरवली, उलटी केली, खिडकीच्या उजेडाला धरली. चहा आला, त्यावर साय धरली. सून दारात उभी होती, ती हळूच आत गेली.

"कुणी केलीय?" त्यांनी विचारलं.

"माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत," मी म्हटलं.

"डोंबिवलीच्या. मी ओळखतो त्यांना." त्यांनी गाडी माझ्यासमोर धरली आणि दाराच्या फटीतून आत बोट दाखवलं. "स्टिअरिंग मुद्दाम डावीकडे घेतलंय. माझी परीक्षा बघतात. पण पेडलं उजवीकडेच राहिलीत."

मी वाकून बघितलं. राहिली होती.

"चूक करायची तर पूर्ण करावी," बर्वे म्हणाले. "सांगा त्यांना."

"सांगते," मी म्हटलं.