तिसरं पेडल

चहा घ्या निवांत, कारण आता मी माझ्याच तोंडानं माझी अब्रू काढणार आहे.

गोष्ट दोन हजार सालाच्या आसपासची. तेव्हा मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. रेघ केसभर सरकली तरी लोकांशी भांडणारा माणूस. आणि छंद काय, तर प्लॅस्टिकची विमानं जोडायची. आमची सुनीता, म्हणजे बायको, पाहुण्यांना सांगायची, "रविवारी ह्यांना जेवायला नको, पॉलिश पेपर द्या."

माझ्या मामेभावानं दुबईहून एका लढाऊ विमानाचे सुटे भाग पाठवले. खऱ्यापेक्षा अठ्ठेचाळीस पट लहान. पंख, चाकं, सगळं झकास. पण वैमानिक बसतो त्या कॉकपिटमध्ये काय? एक खुर्ची आणि एक दांडी. बास. एवढ्यावर कोण विमान उडवणार, सांगा?

त्यात कोल्हापुरात छंदांचं प्रदर्शन भरणार होतं. म्हटलं, कॉकपिट आपण आपल्या हातानं घडवायचं. पण आत असतं काय? घरात इंटरनेट नव्हतं. मासिकातला एक फोटो होता, त्यात वैमानिकाचं हेल्मेटच तेवढं दिसायचं.

आणि मला महादेवकाका सापडले.

मूळचे हातकणंगल्याचे. आमच्या मागच्या गल्लीत नुकतेच राहायला आले होते. दारावर पाटी, 'निवृत्त, हवाई दल'. ती वाचली आणि मी थेट आतच गेलो.

"या की पावणं," काका म्हणाले.

हवाई दलात काय करायचात, असं मी विचारलं.

"चालवायचो," काका म्हणाले. "एकवीस वर्सं. एक ओरखडा उठू दिला न्हाय."

आता तुम्हीच सांगा, हवाई दलात माणूस काय चालवणार?

मी सांगितलं की मी मॉडेल बनवतोय, तुम्ही जे चालवायचात त्याची केबिन आठवते का? कॉकपिट हा शब्द उगाच जड वाटेल म्हणून केबिन म्हणालो. ही माझी नम्रता. काकांचे डोळे चमकले. आमच्या गाडीचं मॉडेल कुणी करंल असं वाटलं नव्हतं, म्हणाले. मला वाटलं, वैमानिक लोक लाडानं विमानाला गाडी म्हणत असतील.

मग दर रविवारी सकाळी मी वही घेऊन त्यांच्याकडे. डाव्या हाताला काय? गोल मुठीचा दांडा. त्याच्या बाजूला? आणखी एक दांडा, ओढला की गाडी जागची हलत नाही. उजवीकडे काच वरखाली करायचं हँडल. पायाशी तीन पेडलं.

तीन? दोन असतात, एवढंच काय ते मी कुठंतरी वाचलं होतं. पण छापणाऱ्यांना काय कळतंय? मी वहीत तीन लिहून खाली दोन रेघा मारल्या.

हॉर्नपाशी मात्र थोडा अडखळलो. विमानाला हॉर्न? पण काका म्हणाले, धावपट्टीवर कुत्री येतात, हॉर्न नसला तर करणार काय? पटलं मला.

किटमध्ये दांडी होतीच, त्यामुळं हातात काय धरायचात हे विचारायचं कारणच पडलं नाही. तेवढं एक विचारलं असतं, तर आज हा चहा मी गप्प बसून प्यायलो असतो.

तीन महिने खपलो. गोळ्यांच्या पाकिटाची चांदी कापून सीटचे पट्टे केले. घंटीच्या वायरीतली तांब्याची तार वाकवून दांडे केले. मूठ म्हणून मोहरीचा दाणा, बटणं म्हणून खसखस. शिंक आली की हात तोंडावर नाही, कॉकपिटवर ठेवायचो. काकांना मात्र काही दाखवलं नाही. एकदम प्रदर्शनातच बघा, म्हटलं.

परीक्षक होते हवाई दलातले एक निवृत्त वैमानिक. उंच, शांत गृहस्थ. त्यांनी डोळ्याला भिंग लावून आत पाहिलं. पट्ट्यांचं कौतुक केलं. मग विचारलं, "हे तिसरं पेडल कशाचं?"

मी छाती काढून सांगितलं, की साहेब, पुस्तकात दोनच दाखवतात, खरं कळायला चालवलेला माणूस लागतो. ते सौम्यपणे म्हणाले, मीही बरीच वर्षं हेच विमान चालवलंय. त्यावर मी काय म्हणावं?

"तुमचं जुनं मॉडेल असेल, साहेब."

हे मी बोललो. ह्या तोंडानं.

तेवढ्यात काका आले. कडक इस्त्रीचा शर्ट, बरोबर काकू, त्याही ठेवणीतल्या साडीत. मी त्यांना हाताला धरून पुढं ओढलं आणि चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणालो, "काका, साहेबांना सांगा, तिसरं पेडल कशाचं?"

"क्लचचं," काका म्हणाले.

साहेबांनी अदबीनं विचारलं, "काका, आपण काय चालवत होता?"

"तेलाचा टँकर की. इमानास्नी तेल पाजायला आम्हीच जायचो." मग काका टेबलावर इकडं तिकडं बघत मला म्हणाले, "आमचा टँकर कुठं ठिवलाय?"

आजूबाजूचे हसायला लागले. हसणाऱ्यांचं काही नाही हो, पण काकू सगळ्या टेबलांवर नवऱ्याची गाडी शोधत होत्या, ते बघवेना.

साहेबांनी आपलं भिंग काकांच्या हातात दिलं. काका वाकले. किती वेळ वाकून बघत होते कोण जाणे. मग त्यांनी काकूंना जवळ बोलावलं.

"ये, बघ. गेअर, हँडब्रेक, काचंचं हँडल, समदं जितल्या तितं हाय. वरनं निस्तं इमान बसवलंय."

मग साहेबही हसले, काकूही हसल्या, आणि इलाज नव्हता म्हणून मीही.

संध्याकाळी निकाल लागला. विमानांच्या गटात माझं नावच नव्हतं. 'रस्त्यावरची वाहनं' ह्या गटात मात्र साहेबांनी मला दुसरा नंबर दिला होता.

पहिला नंबर काड्यापेटीच्या काड्यांच्या बैलगाडीला.