दहावीची यादी उघडेना

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मुंबईत वृत्तपत्राच्या डेस्कवर काही वर्षे काढून मी मालवणला परतलो होतो आणि बाजारातल्या एका छापखान्यात काम करत होतो. छापखान्यात एक कॉम्प्युटर होता. त्यावर एका हायस्कूलचे वयस्कर कारकून आठ दिवस रोज दुपारी येऊन दहावीच्या मुलांची यादी टाइप करत होते. ती यादी परीक्षेच्या अर्जांसोबत मुदतीच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत कणकवलीच्या केंद्रावर पोचायची होती. नाही पोचली तर मुलांचे अर्ज स्वीकारले जाणार नव्हते.

त्या दिवशी सकाळी अकराला फाइल उघडली नाही. पडद्यावर एकच ओळ आली: मेमरी अपुरी आहे. फाइल फ्लॉपीवर शाबूत होती, पण उघडल्याशिवाय छापता येत नव्हती. हाताने पुन्हा लिहायला वेळ नव्हता. कणकवलीची एसटी अडीचला होती.

"टायपरायटर बिचारो कधी म्हणालो नाय, जागा नाय म्हणान," कारकून म्हणाले. त्यांनी अर्जांचा गठ्ठा मांडीवर घट्ट धरला होता.

मशीनची मेमरी सहाशे चाळीस के, म्हणजे सुमारे साडेसहा लाख बाइट. मशीन सुरू होताना जे छोटे प्रोग्रॅम आत जाऊन बसतात, ते तिच्यातली जागा आधीच अडवतात. मी त्यांची नावे कागदावर उतरवली. मराठी अक्षरांचा प्रोग्रॅम काढणे शक्य नव्हते. प्रिंटरचाही लागणार होता. उरला गणपती. दसऱ्याला मशीनची पूजा झाली, तेव्हा विक्रेत्याने पडद्याच्या कोपऱ्यात कायम दिसणारे गणपतीचे चित्र बसवून दिले होते. तेही मेमरीत राहत असे. ते काढावे लागेल, असे मी छापखान्याच्या मालकांना सांगितले.

मालक चपला काढून मशीनसमोर उभे राहिले आणि हात जोडून गाऱ्हाणे घालू लागले.

"बा देवा म्हाराजा, ह्या पोरांची यादी अडकली आसा."

"व्हय म्हाराजा," कारकून म्हणाले. मीही म्हणालो.

"तुका घडीभर बाजूक बसयतंव. यादी भायर पडली की तुझी जागा तुका. राग धरू नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मशीन सुरू होताना वाचते त्या फाइलमधून मी गणपतीच्या प्रोग्रॅमची ओळ काढली आणि मशीन पुन्हा सुरू केले. फाइल उघडली नाही. आणखी एक-दोन उपाय केले. दर वेळी पडद्यावर तेच: मेमरी अपुरी आहे. एक वाजत आला होता. कारकुनांनी घड्याळाकडे बघणे सोडून दिले होते.

मालक म्हणाले, "गणपती काल पण होतो, आणि यादी उघडत होती. मगे कालपासून बदलला काय, ता सांग."

डेस्कवर हा प्रश्न मी रोज बातमीदारांना विचारत असे. इथे दोन तास तो मला सुचला नव्हता. आदल्या संध्याकाळी एका मासिकात वाचून मीच एक आकडा बदलला होता. डिस्कवरचा मजकूर वाचताना तात्पुरता ठेवण्यासाठी मेमरीत बफर्स नावाचे कप्पे असतात. ते पंधरा होते, मी चाळीस केले. काम वेगाने होते, असे मासिकात लिहिले होते. जास्तीच्या पंचवीस कप्प्यांनी सुमारे तेरा हजार बाइट घेतले होते. चित्र काढून त्याहून कमी सुटले.

हे मी दोघांनाही सांगितले. कारकुनांनी माझ्याकडे पाहिले. "आता सांगतास?" एवढेच म्हणाले.

आकडा पुन्हा पंधरा केला. फाइल उघडली. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला एका पानाला चार-पाच मिनिटे लागत, आणि पाने चौदा. कारकून प्रत्येक पान फाडून, नावे अर्जांशी ताडून, मग पिशवीत ठेवत. तेराव्या पानाला कागद अडकला. मी तो सरळ करून पुन्हा लावला. शेवटचे पान न ताडताच पिशवीत गेले आणि कारकून स्टँडकडे धावले.

मी गणपतीची ओळ परत घातली. एसटी मिळाली की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. सहाच्या सुमारास शाळेतून शिपाई आला. कणकवलीहून फोन आला होता. अर्ज घेतले होते, शेवटच्या पानावर एक जन्मतारीख चुकली होती, ती कारकुनांनी तिथेच पेनाने दुरुस्त केली होती.