हमीदभाईंचं नाक, माझी जीभ

हमीदभाईंच्या मुलीचा, शबानाचा फोन आला तेव्हा मी जांभळाच्या वाइनचा पेला नाकाशी धरून उभा होतो. "चाचा, अब्बा गेले. फजरच्या नमाजला उठले, आणि…" मग मी चार मित्रांना फोन केले, तर तिघांनी चक्क हसून ठेवून दिला. त्यांचा दोष नाही. आमच्या हेडमास्तरांना मी गप्पांत आजवर दोनदा मारलंय, त्यातलं एकदा बिबट्याकडून, आणि ते अजून रोज सकाळी फिरायला जातात. गुलमंडीमागच्या गल्लीतले अत्तरवाले हमीदभाई खरोखरच गेले, हे लोकांना पटवता पटवता माझी दुपार झाली…

ओळख झाली तेव्हा मी शाळेत विज्ञान शिकवायचो. भाचीच्या लग्नासाठी हिनाचं अत्तर घ्यायला त्यांच्या दुकानात शिरलो, तर हा माणूस मान वर न करता म्हणतो, "पाचोडहून आलात. बाजार होता वाटतं. एसटीत शेजारी शेळी होती." मी उभाच्या उभा गार! पुढं हा किस्सा सांगताना शेळी काळी होती आणि गाभण होती हेही त्यांनी ओळखलं, असं मी ठोकून देतो. तेवढं माझं. पाचोड आणि शेळी मात्र त्यांचीच.

निवृत्त झाल्यावर मी वेरूळच्या वाटेवरच्या आमच्या बागेत रीतसर परवाना काढून फळांच्या वाइनचा छोटा कारखाना टाकला. जांभूळ, मोसंबी, आणि थंडीत पेरूची साइडर. करणं जमलं, पण तिचं वर्णन करणं काही जमेना. पुस्तकं उघडावीत तर त्यांत रानबेरी, ओकचं लाकूड आणि जंगलातली ओली अळंबी. आमच्याकडं कुणाच्या सात पिढ्यांनी खाल्लीय ती बेरी? शेवटी हमीदभाईंना गळ घातली. "येतो," ते म्हणाले, "पण जिभेला थेंब लागणार नाय. वास हवेत असतो मास्तर, तेवढं माझं काम." घरी कुरकुर झाली असावी, तरी आले. कारण एकच, त्या माणसाला नवा वास कळला नाही तर जेवण जात नसे.

येताना कानात अत्तराचा फाया नसायचा. सदरासुद्धा साबणाविना धुतलेला. पेला हनुवटीच्या वीतभर खाली धरायचे, डोळे मिटायचे, आणि मग एकेक शब्द यायचा. जांभळाला म्हणाले, "शाईची दौत. शाळेतली, बूच उघडं राहिलेली." मोसंबीला म्हणाले, "पुढं साल आहे. मागं कोऱ्या थानाची खळ." आमच्या गुलमंडीत कापडाचं थान उलगडताना जो येतो तोच वास, नेमका! एका पिंपापाशी नुसते थबकले. "ह्यात सिरक्यानं पाऊल ठेवलंय." तीन आठवड्यांत त्या पिंपाचा सिरका झाला. एरवी हा किस्सा सांगताना मी तीन महिने म्हणतो.

पण खरी गंमत पुढं असायची. स्वतःचं काम झालं की ते माझ्याकडं वळायचे. "हां, आता तुम्ही. घोट घ्या. काय होतंय?"

"अहो, जिभेवर मोरांची पलटण नाचतेय!"

"मोर बाहेर हाकला. चावतंय का? कुठं, शेंड्याला का कडेला?"

"…कडेला. तुरट."

"जांभूळ खाल्ल्यावर होतं तितकं?"

"त्याहून कमी. पण जास्त वेळ राहतंय."

"कमी, पण जास्त वेळ…" ते पुटपुटायचे. ज्या गावाला कधी जायचं नाही असं ठरवलंय, त्या गावाची खबर तिथून आलेल्याला विचारावी, तसं विचारणं होतं ते. चुकीची खबर त्यांना चालत नसे. उभ्या आयुष्यात मीठमसाला न लावता मी कुणाशी बोललो असेन तर त्या खोलीत, त्या माणसाशी. बाटल्यांवरचा मजकूर असा आम्ही दोघांनी मिळून केला. नाक त्यांचं, जीभ माझी.

आणि त्याच जिभेनं घाण केली. चाखायला आलेल्या पाहुण्यांत एकानं विचारलं, "हे इतकं सुरेख लिहितं कोण? आणि तो म्हणे पीत नाही?" सगळे हसले. मला आणखी हसवायचं होतं. म्हणालो, "हमीदभाई? अहो, मी पाठ फिरवली की पिंप रिकामं!" हशा झाला, टाळ्या झाल्या. आठवड्यात ते वाक्य गुलमंडीत पोचलं. जुम्याला लोक ज्यांच्याकडून अत्तर लावून मशिदीत जायचे, ज्यांची सगळी शान 'आपल्या अत्तरात स्पिरिटचा थेंब नाय' ह्यावर होती, त्यांना दुकानापुढं उभं राहून पोरंसोरं विचारू लागली, "क्यों मियाँ, आज का कोटा हो गया?"

मी धावत गेलो. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. कुपीचं बूच लावत एवढंच म्हणाले, "मी पीत असतो तर तुम्हाला कशाला विचारत बसलो असतो, मास्तर?"

मग मी दुकानोदुकानी फिरून सांगत सुटलो की मी खोटं बोललो. लोक टाळी देऊन म्हणाले, "मास्तर खोटं म्हणतात, म्हणजे नक्की खरं असणार!"

दोन वर्षं ते आले नाहीत. ह्या थंडीत मात्र रिक्षा करून अचानक उभे, दम लागलेला. झाल्या गोष्टीचं नाव नाही. पेरूची साइडर मागितली, वास घेतला. "पान चुरगळल्यासारखं… मग पिकलेला पेरू. बराच मागून." मग पेला खाली ठेवून हसले. "मागं आलो होतो त्या सालच्या साइडरचं जिभेवर काय झालं ते राहूनच गेलं. सांगा. अजून विचारावंच लागतंय, बघा." मी सांगितलं. एकही मोर न घालता.

चाळिसाव्या दिवशी त्यांच्या घरी शबाना मला बाजूला घेऊन म्हणाली, "चाचा, माझ्या सासरी अब्बांवरून अजून बोलतात." मी तिला सगळं सांगू लागलो, तर तिनं हात वर केला. "मला माहितंय. मला नका सांगू. जिथं सगळे वाचतील तिथं सांगा."

म्हणून हे लिहिलं. वाचकांनी ह्यातला बिबट्या वजा करावा, मोर वजा करावेत, माझ्या प्रत्येक आकड्याचं निम्मं करावं. पण हमीदभाईंच्या ओठाला कधी थेंब लागला नाही, ह्यातलं काहीएक कमी करू नये.

खिडकीजवळची त्यांची खुर्ची मी हलवलेली नाही. नवं पिंप उघडलं की एक पेला तिच्यासमोर ठेवतो, मग मी घोट घेतो आणि मोठ्यानं सांगतो. परवा पाहुणे भोवती उभे होते, काहीतरी झकास ऐकायला मिळेल म्हणून. मी म्हणालो, "तुरट आहे. कडेला. बराच वेळ राहतंय." कुणी हसलं नाही. मीही पुढं काही जोडलं नाही.