चोवीस फुटांची अट

कॉलेजच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर पुढे नगरसेवक झाला, तरी लोकांनी त्याला 'गोलकीपर' म्हणणं सोडलं नाही. विरोधक म्हणायचे, "याच्या हातून फाइलसुद्धा सुटत नाही!" मग वस्तीला पाणी द्यायला टाकी बांधायची ठरली आणि तिच्यासाठी जागा निघाली ती एकच, कॉलेजचं मैदान. काळजावर दगड ठेवून त्याने ठरावावर सही केली. इंजिनियरला मात्र एक अट घातली, पुढच्या दोन खांबांत बरोबर चोवीस फुटांचं अंतर हवं.

"एवढं कशाला, साहेब?"

"अहो, टँकर उभे राहतील खाली."

टाकी झाल्यावर टँकर कशाला येतोय? पण कोणी विचारलं नाही.

आता पद गेलं, गुडघेही गेले. तरी रोज सकाळी पाणी सोडायच्या वेळेला तो टाकीखाली हजर असतो. पूर्वी मॅचआधी चोवीस फुटी गोलपोस्टमध्ये करायचा तसं आधी डावा खांब थोपटतो, मग उजवा, आणि बरोबर मध्ये उभा राहतो. व्हॉल्व्हमनला वाटतं, साहेब भेगा तपासतात.

आज व्हॉल्व्हमनने चाक फिरवलं आणि मोठ्या नळातून पाणी घोंघावत सुटलं, कॉलेजची पोरं मैदानाच्या कडेला ओरडायची अगदी तसं. म्हाताऱ्याने गुडघे वाकवले, दोन्ही हात पुढे धरले.

"साहेब, वरून काही पडलं का?"

"नाही रे," तो समोरून नजर न काढता म्हणाला, "चाक अजून थोडं फिरव."