मला येऊ देत नाहीत

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही, आणि तिच्यापासून एरवी माझं काही लपत नसे. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या कुंदाला ओळखत नाही.

कुंदा माझी धाकटी बहीण. झाशीत, प्रेम नगरला, आम्ही दोघं राहतो. बायको गेली, मी निवृत्त झालो, आणि अमेरिकेतलं घर आवरून इथे आलो. कुंदा इथून कधी गेलीच नव्हती. शाळेत गणित शिकवलं, आई-अण्णांचं शेवटपर्यंत केलं, लग्न केलं नाही. का केलं नाही — तिथेच यायचंय मला, पण जरा लांबून येऊ द्या.

आमचे अण्णा रेल्वेत गार्ड. भुसावळहून बदली होऊन झाशीला आले आणि इथलेच झाले. रेल्वेच्या घरात नियम म्हणजे काय असतो, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. एकेरी मार्गावर टोकन, म्हणजे पुढची लाइन मोकळी असल्याची खूण, हातात पडल्याशिवाय गाडी पुढच्या स्टेशनाकडे न्यायची नाही — मग गाडीत कुणी मरणाला टेकलेलं का असेना. अण्णा घरातही असेच वागायचे. आम्ही दोघं त्यांना पाठीमागे हसायचो.

मी गवतावर काम करायचो. हो, गवतावरच — चाऱ्याच्या जाती, त्यांची मुळं. आई लोकांना 'शास्त्रज्ञ आहे' एवढंच सांगायची आणि कुणी पुढे विचारलं की चहा टाकायला उठायची. त्या गवतापायी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने मला पाहुणा संशोधक म्हणून बोलावलं. पाहुण्याचा व्हिसा पाहुण्यासारखाच, मुदत संपली की उठायचं. पण त्यांनी मला नोकरी देऊ केली आणि मी तिथे असतानाच माझा व्हिसा बदलून मिळावा म्हणून अर्ज केला. तो अर्ज पडून असताना देश सोडला, तर अर्जच सोडला असं धरतात. एवढं खरं आहे. मी ते बनवून सांगितलेलं नाही.

त्याच सुमारास कुंदाचं ग्वाल्हेरच्या एका मुलाशी जमलं. बँकेत होता. साखरपुडा झाला, आणि तारीख धरण्याआधी अण्णांनी मला फोन केला. मी म्हटलं, अर्ज चालू आहे, मला येऊ देत नाहीत. आता लाजाहोमाच्या वेळी नवरीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या त्या भावाने, नवरदेवाचा कान पिळायचा तोही भावानेच. मी एकुलता एक भाऊ. चुलत-मावस भाऊ चालतो, सगळीकडे चालतो. पण कुंदा अडून बसली, दादाच हवा. अण्णांनी लग्न पुढे ढकललं, आणि ग्वाल्हेरचेही 'काही हरकत नाही' म्हणाले.

मग मंजुरी आली.

खरी गोम इथे आहे. मंजुरी आल्यावर मला घरी यायला कुणाचीही बंदी नव्हती. फक्त पुन्हा अमेरिकेत शिरायचं, तर पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का लागणार होता, आणि तो दिल्लीच्या वकिलातीत जाऊन घ्यायचा होता. देतील, न देतील. आमच्या विभागातला एक जण असाच शिक्क्यासाठी मायदेशी गेला आणि महिनोन्‌महिने अडकून पडला होता. अण्णांनी दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा 'मला भीती वाटते' एवढं म्हणायला काय झालं होतं मला? पण भीती म्हटली की न येणं माझं झालं असतं ना. नियम म्हटलं की ते कुणाचंच नाही. मी तेच जुनं वाक्य पुन्हा म्हटलं — मला येऊ देत नाहीत.

आणि अण्णांनी एकही प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या कुठल्याही घरात बाप ओरडला असता, सख्ख्या बहिणीचं लग्न आहे, कसला नियम घेऊन बसलास? अण्णा म्हणाले, "टोकन मिळालं नाही ना, मग हलायचं नाही." वर त्यांनीच माझी समजूत काढली. स्वतः ग्वाल्हेरला जाऊन मुलाच्या वडिलांना सगळं सांगून आले. कॉलनीत कुणी 'पंडितजी, लड़का आ क्यों नहीं रहा?' म्हटलं, की त्याला खुर्चीत बसवून व्हिसा समजावायचे. खोटं माझं — आणि त्याची वकिली करत हिंडत होता, तो उभ्या हयातीत खोटं न बोललेला माणूस. हे मला तिकडे कळत होतं. लाज वाटायची. तरी गप्प राहिलो.

पुढच्या खेपेला ग्वाल्हेरचे थांबले नाहीत. मुलाची आजी थकली होती, तिला नातसून बघायची होती. भांडले नाहीत, हात जोडून मोकळे झाले. त्यांचं तरी काय चुकलं?

कुंदा फोनवर मला म्हणाली, "दादा, तू मनाला लावून घेऊ नकोस." मी 'बरं' म्हटलं. तो माणूस तिला आवडला होता. "हसरा आहे रे," असं साखरपुड्यानंतर तिनेच मला सांगितलं होतं. ते लग्न मोडल्यावर तिने दुसरं स्थळ घरात येऊ दिलं नाही.

वर्षभराने मी आलो. दिल्लीत शिक्का एका सकाळीत मिळाला. खिडकीतल्या बाईने मान वर करून माझ्याकडे पाहिलंही नाही.

सांगायला नंतर वेळ नव्हता का? भरपूर होता. दर सुट्टीत ठरवून यायचो, आंबे खाऊन परत जायचो. आधी आई गेली, मग अण्णा.

गेल्या महिन्यात शेजारच्या सक्सेनाजींच्या नातीचा फोन आला, कुंदाने तो स्पीकरवर टाकला. कुंदाची जुनी विद्यार्थिनी. तीही तिकडे पाहुणी संशोधक म्हणून गेलेली, आता तिथेच नोकरी लागून तिने व्हिसा बदलून घेतलाय. अप्रूवल आलं आहे, भावाच्या लग्नाला येऊ का, असं विचारत होती. मी तोंड उघडायच्या आत कुंदा मटार सोलता सोलता म्हणाली, "नहीं बेटा, बिलकुल मत निकलना. हमारे दादा का भी यही हुआ था."

आणखी एक लग्न माझ्या पायी बिघडू द्यायचं? मी फोन हातात घेतला आणि मुलीला खरं ते सांगितलं — मंजुरी आली आहे तर ये, फक्त परत जाताना दिल्लीत शिक्का घ्यावा लागेल. पोरगी खूश झाली. फोन ठेवला.

कुंदाने मटारची टरफलं गोळा केली. मग विचारलं, "मग तुला येता आलं असतं?" आवाजात राग नव्हता. वर्गात एखाद्याचं गणित तपासावं, तसं विचारलं.

मी म्हटलं, "तेव्हा नियम वेगळा होता."

"तेच म्हणते मी," कुंदा म्हणाली, आणि कुकर लावायला उठली.

नियम तेव्हाही हाच होता.